ऊसरोपांच्या डीएनए तपासणीसाठी मायक्रोफ्लुइडिक चिप: काय चिपवर न्यावं, काय हातात ठेवावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कागलजवळ उसाच्या टिश्यू कल्चर रोपांची प्रयोगशाळा आहे. रोपं शेतकऱ्याच्या हातात देण्याआधी मातृरोपांची गवताळ वाढीच्या रोगासाठी पीसीआर तपासणी होते, म्हणजे रोगजंतूच्या डीएनएच्या एका ठरावीक तुकड्याच्या प्रती वाढवून तो आहे का ते पाहतात. दोन मुली सकाळी पानं खलायला घेतात, सीटॅब या डिटर्जंटच्या पद्धतीने डीएनए काढतात आणि ४८ नमुने हातावेगळे व्हायला दुपारचे चार वाजतात. मग नेस्टेड, म्हणजे दोन फेऱ्यांचा, पीसीआर; दुसऱ्या दिवशी जेल, ज्यात वाढलेला डीएनए पट्ट्यासारखा दिसतो. अलीकडे निगेटिव्ह कंट्रोललाही, म्हणजे रोगाचा डीएनए मुद्दाम न घातलेल्या ट्यूबलाही, फिकट पट्टा येऊ लागलाय. विचारणा अशी की हे सगळं एका मायक्रोफ्लुइडिक चिपवर, म्हणजे बारीक चॅनेलांत थेंबभर द्रव हाताळणाऱ्या छोट्या पट्टीवर, नेता येईल का, चिप पीडीएमएसची (सिलिकॉन रबराची) घ्यावी की प्लास्टिकची, आणि ती कोल्हापुरात बनेल का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: बनेल. गेली सोळा वर्षं मी हेच काम करतेय आणि माझ्या हाताखालच्या बऱ्याच चिपा उद्यमनगर ते शिरोली या कोल्हापूरच्या कारखान्यांच्या पट्ट्यातच तयार झाल्या आहेत. पण ‘सगळं एका चिपवर’ हा विचार सोडून द्या. तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंय. निगेटिव्ह कंट्रोलला पट्टा येतोय, म्हणजे तुमची खरी अडचण वेळाची नाही, उघड्या झाकणांची आहे.

नेस्टेड पीसीआरमध्ये काय होतं ते पाहा. पहिली फेरी पी१/पी७ या प्रायमर-जोडीने करता (प्रायमर म्हणजे कुठून कुठवर प्रत काढायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे). ती संपली की ट्यूब उघडता, त्यातलं मायक्रोलिटरभर उचलता आणि आर१६एफ२एन/आर१६आर२ या आतल्या जोडीच्या दुसऱ्या फेरीत टाकता. फायटोप्लाझ्मा, म्हणजे हा रोग करणारा जीवाणू, पानात फार थोडा असतो, त्यामुळे ही दुहेरी पद्धत संवेदनशील ठरते, हे खरंच. पण एका प्रतीचे ३० वेळा दुप्पट केले की १०७ कोटी प्रती होतात. झाकण उघडताना ‘टक्’ असा जो बारीक आवाज येतो, त्याबरोबर हवेत जे उडतं ते डोळ्याला दिसत नाही, पण नॅनोलिटरभर शिंतोड्यातही लाखो प्रती असू शकतात. त्या पिपेटच्या दांड्यात बसतात, टेबलावर बसतात, हातमोज्यावरून दाराच्या कडीला लागतात. एप्रिलमध्ये वरचा पंखा चालू असेल तर त्या खोलीभर होतात. असल्या खोलीत तुम्ही लाखाची चिप आणून ठेवली तरी तीही पॉझिटिव्हच दाखवील.

म्हणून चिपचा विचार करण्याआधी पहिल्या पंधरवड्यात दोन गोष्टी करा. नेस्टेड बंद करून रिअल-टाइम पीसीआर घ्या. त्यात प्रती वाढतानाच बंद ट्यूबमध्ये मोजल्या जातात, म्हणजे प्रवर्धन (प्रती वाढवणं) झालेली ट्यूब कधीच उघडावी लागणार नाही. आणि मास्टर मिक्समध्ये (पीसीआरच्या रसायनांच्या तयार मिश्रणात) थायमिनच्या जागी युरॅसिल असलेला न्यूक्लिओटाइड व त्याबरोबर युएनजी एन्झाइम वापरा. युरॅसिल वापरून केलेल्या मागच्या प्रवर्धनातून उडालेला डीएनए नव्या ट्यूबमध्ये आलाच, तर ते एन्झाइम सुरुवातीलाच त्याचे तुकडे पाडतं. मास्टर मिक्स बनवायची खोली वेगळी, डीएनए टाकायची वेगळी, आणि दुसऱ्या खोलीतून पहिल्या खोलीत पिपेटच काय, वहीसुद्धा परत न्यायची नाही. एवढ्यावर तुमचा निगेटिव्ह कंट्रोल साफ झाला, तर चिपकडून काय हवंय हे तुम्हाला जास्त नेमकं सांगता येईल.

आता चिप. या क्षेत्रात ‘नमुना टाका, उत्तर घ्या’ हे स्वप्न जुनं आहे आणि ते पूर्ण झालेलंही आहे, पण कशा प्रकारे, ते नीट पाहायला हवं. क्षयरोगाच्या तपासणीत जीनएक्स्पर्टचं कार्ट्रिज तुम्ही पाहिलं असेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० च्या डिसेंबरात त्याला मान्यता दिली. त्या कार्ट्रिजमध्ये मधोमध एक दट्ट्या आणि खाली फिरता व्हॉल्व्ह आहे. व्हॉल्व्ह एकेका कप्प्याकडे तोंड फिरवतो, दट्ट्या ओढतो-ढकलतो, आणि शेवटी द्रव पीसीआरच्या चपट्या नळीत जातो. सगळं बंद. तरीही थुंकी पातळ करण्याचं काम बाहेरच, बाटलीत होतं. दुसरं उदाहरण आपल्याकडचं, ट्रूनॅट. गोव्याच्या मोलबायोचं हे यंत्र, त्यामागचं संशोधन बंगळुरूच्या बिगटेकचं. जागतिक मान्यता २०२० ची. त्यांनी डीएनए काढायचं यंत्र आणि पीसीआरची चिप सरळ वेगवेगळी ठेवली. मधला सहा मायक्रोलिटर द्रव माणूस पिपेटने उचलतो. बॅटरीवर चालतं, तालुक्याच्या ठिकाणी चालतं. क्षयरोग तपासणीच्या एखाद्या सरकारी केंद्रात जाऊन, परवानगी घेऊन, अर्धा दिवस नुसतं बघत बसा. कोणतं काम यंत्राला दिलंय आणि कोणतं माणसाकडे ठेवलंय, यामागे किती विचार आहे ते कळेल. मला विचाराल तर ट्रूनॅटचा धडा तुमच्या कामाला जास्त जवळचा आहे.

तुमच्या कामाचे तुकडे पाडले तर असे पडतात: पान खलणं, पेशी फोडणं, डीएनए वेगळा करणं, धुणं, उतरवून घेणं (धरलेला डीएनए पुन्हा द्रवात सोडवणं), प्रवर्धन, वाचन. यातलं खलणं चिपवर न्यायचा विचारही करू नका. उसाचं पान धागेदार असतं, आणि फायटोप्लाझ्मा अन्नवाहिन्यांत राहतो म्हणून तुम्हाला मधली शीरच घ्यावी लागते. ती कुटायला जाळीची पिशवी आणि रोलर, किंवा स्टीलच्या गोळ्यांचं हलवणारं यंत्र, यापलीकडे काही लागत नाही. धाग्याचा एक तुकडा २०० मायक्रॉनच्या चॅनेलमध्ये शिरला की ती चिप फेकावी लागते. मी अशा कितीतरी फेकल्यात.

सीटॅब पद्धतही जशीच्या तशी चिपवर जाणार नाही. तिच्यात क्लोरोफॉर्म आहे, आणि क्लोरोफॉर्मने पीडीएमएस फुगतं. चॅनेल आवळतात, चिकटवलेली बाजू सुटते. अॅक्रिलिक तर त्यात सरळ विरघळतं. म्हणजे रसायनच बदलायला हवं. बूम आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवून दिलं की ग्वानिडिनियम थायोसायनेटच्या दाट द्रावणात डीएनए सिलिकाला धरतो आणि कमी क्षाराच्या पाण्यात सोडतो. आज बाजारात मिळणारी बहुतेक किट याच तत्त्वावर आहेत. सिलिकाचा थर दिलेले चुंबकी कण वापरले की सेंट्रिफ्यूज जातं, क्लोरोफॉर्म जातं, उरतं ते चुंबक आणि द्रव. इथे चिपला काम मिळतं.

पण चिपमधला द्रव तुमच्या ओळखीच्या द्रवासारखा वागत नाही, आणि नवीन माणसाची पहिली दोन वर्षं हे पचवण्यात जातात. प्रयाग चिखलीच्या संगमावर नद्यांचं पाणी घुसळून एक होतं. १०० मायक्रॉनच्या चॅनेलमध्ये सेकंदाला एक मिलिमीटर वेगाने जाणाऱ्या पाण्याचा रेनॉल्ड्स अंक (प्रवाह घुसळेल की सरळ जाईल ते सांगणारा आकडा) ०.१ भरतो. भोवरा नाही, घुसळण नाही. दोन द्रव शेजारीशेजारी घाला, ते रुळांसारखे समांतर जात राहतात आणि फक्त विसरणाने एकमेकांत मिसळतात. बारीक रंगद्रव्याच्या रेणूला १०० मायक्रॉन पार करायला दहा-बारा सेकंद लागतात. काही हजार बेसजोड्यांच्या डीएनएला तेवढंच अंतर पार करायला पाऊण तास लागू शकतो. आणि अंतर दहापट केलं की वेळ शंभरपट होतो. ‘दोन्ही एकत्र सोडलं म्हणजे मिसळलं’ असं समजून केलेली चिप आठवडाभर बरोबर दिसते आणि नंतर निकाल वर-खाली व्हायला लागतात.

त्यात भिंतींचा प्रश्न. बारीक चॅनेलमध्ये द्रवाच्या मानाने भिंतीचं क्षेत्रफळ ट्यूबपेक्षा कितीतरी पट जास्त असतं, आणि प्रती काढणाऱ्या पॉलिमरेज एन्झाइमला भिंतीला चिकटायची सवय आहे. ट्यूबमध्ये चालणारी रिअॅक्शन चिपमध्ये मरते तेव्हा लोक तापमान तपासत बसतात. आधी बीएसए (एक प्रथिन) आणि थोडं ट्वीन-२० (एक डिटर्जंट) घालून पाहा; निम्म्या वेळा तिथेच प्रश्न सुटतो.

आणि बुडबुडा. यावर जरा थांबते, कारण माझ्या आयुष्यातला सगळ्यात जास्त वेळ बुडबुड्यांनी खाल्लाय आणि ते कोडं मला उद्यमनगरात सुटलं.

सुरुवातीच्या काळात मी अॅल्युमिनियमचा साचा करून घेऊन त्यावर पीडीएमएस ओतायची. पीडीएमएस म्हणजे पातळ सिलिकॉन रबर: दहा भाग बेस, एक भाग हार्डनर, व्हॅक्यूममध्ये हवा काढायची, ७०-८० अंशाला तासा-दोन तासात जमतं. साचा करणारे पॅटर्नमेकर मामा आयुष्यभर पंपाच्या आणि इंजिनाच्या कास्टिंगचे पॅटर्न करत आलेले. माझा चॅनेलचा नकाशा हातात घेऊन त्यांनी बराच वेळ उजेडाकडे धरला. त्यात एक गोल कप्पा होता, डावीकडून द्रव आत, उजवीकडून बाहेर. त्यांनी बोटाने कप्प्याच्या वरच्या आणि खालच्या कडेवर टिचकी मारली आणि विचारलं, “ताई, हवेला वाट कुठं ठेवलीसा? ह्या दोन कोपऱ्यात हवा अडकणार. आमच्याकडं ह्येला ब्लो होल म्हंत्यात.”

मी तेव्हा दोन महिने नेमक्या त्या दोन कोपऱ्यांतल्या हवेशी झगडत होते. द्रव मधून सरळ निघून जायचा आणि कडेला चंद्रकोरीसारखे दोन बुडबुडे राहायचे. ६५ अंशाला तापवलं की ते फुगायचे आणि सगळा द्रव बाहेर ढकलायचे. मामांनी कप्प्याचा आकार बदलायला लावला: आत येताना हळूहळू रुंदावणारा, बाहेर जाताना हळूहळू निमुळता, करवंदाच्या पानासारखा. बाहेरचं तोंड सगळ्यात उंच ठिकाणी आणि त्याला बारीक व्हेंट. ओतकामात रस तळातून भरत वर यावा आणि हवा रायझरमधून (वरच्या उभ्या वाटेतून) निघावी, तोच न्याय. साच्याच्या कडांना त्यांनी न सांगता ड्राफ्टही (किंचित उतार) दिला, त्यामुळे रबर न फाटता सुटायला लागलं. आणि एक प्रश्न विचारला, “आकसतं किती?” बिडाच्या ओतकामाला साधारण एक टक्का वाढीव माप धरतात. पीडीएमएसही तापमानानुसार एक ते दोन टक्के आकसतं. माझ्या आधीच्या चिपांची भोकं खालच्या प्लेटशी का जुळत नव्हती, ते त्या दिवशी कळलं.

हे लिहिण्याचं कारण असं की कोल्हापुरात चिप बनेल का, हा प्रश्न विचारताना लोकांच्या डोळ्यांपुढे पांढरे सूट घातलेली क्लीन रूम असते. ५ मायक्रॉनचे चॅनेल हवे असतील तर ती लागते. तुमच्या कामाला ३०० मायक्रॉन ते ३ मिलिमीटरचे कप्पे पुरतात, आणि तेवढं काम इथल्या सीएनसीवर रोज होतं. हवा, आकसणं, सुटणं, भरणं, या चारही गोष्टी ओतकाम करणाऱ्या गावाला तोंडपाठ आहेत.

तरीही तुम्हाला मी पीडीएमएस सुचवणार नाही. संशोधनाला ते उत्तम. स्टीफन क्वेक यांच्या गटाने २००० मध्ये त्याच रबराचे दोन थर वापरून हवेच्या दाबाने चिमटणारे व्हॉल्व्ह केले आणि एका चिपवर शेकडो, पुढे हजारो व्हॉल्व्ह बसवायची वाट उघडली. पण त्या चिपेमागे कॉम्प्रेसर, सोलेनॉइडच्या रांगा, नळ्यांचं जंजाळ. चिप नखाएवढी आणि टेबल भरलेलं. शिवाय पीडीएमएसमधून पाण्याची वाफ निघून जाते. ९५ अंशाला पाच मायक्रोलिटरची रिअॅक्शन डोळ्यांदेखत आटते. विजेच्या दाबाने थेंब सरकवणाऱ्या चिपाही आहेत, पण त्यांचा जलरोधी थर प्रथिनांमुळे लवकर खराब होतो, आणि वनस्पतीचा चिकट रस त्यांच्यावर घालावासा मला वाटत नाही.

तुम्ही उलट दिशेने विचार करा. द्रव हलवूच नका. द्रव जागेवर ठेवा आणि चुंबकी कण फिरवा.

रचना अशी. एका सरळ रांगेत चार कप्पे: पहिला नमुन्याचा, पुढचे दोन धुण्याचे, शेवटचा उतरवण्याचा. कप्प्यांच्या मध्ये अरुंद गळे, आणि गळ्यांत मिनरल ऑइल. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे प्रत्येक कप्पा आपोआप बंद राहतो. पंप नाही, व्हॉल्व्ह नाही. चिपेच्या खालून एक निओडिमियम चुंबक स्टेपर मोटरवर सरकतं, आणि डीएनए धरलेले कण गोळा होऊन तेलातून पुढच्या कप्प्यात जातात. तेलाचा पडदा जाताना अंगावरचा बहुतेक द्रव पुसून घेतो. ट्यूबमध्ये आपण इथेनॉलने धुतो आणि मग ते सुकण्याची वाट पाहतो. राहिलेलं इथेनॉल पीसीआर बिघडवतं. इथे इथेनॉलही नको आणि सुकवणंही नको.

हे पहिल्यांदा भिंगाखाली पाहाल तेव्हा घाई करू नका. तपकिरी कण चुंबकाच्या वर गोळा होतात, मोहरीएवढा गोळा. तो तेलाच्या कडेपाशी येतो आणि थांबतो. चुंबक पुढे जातं, गोळा मागे ताणला जातो, पाण्याचा पृष्ठभाग फुग्यासारखा पुढे येतो, आणि मग एकदम सुटून गोळा तेलात शिरतो. चुंबक सेकंदाला पाच मिलिमीटरने पळवलं, तर गोळ्यामागे तपकिरी शेपूट राहतं. ते शेपूट म्हणजे तुमचा डीएनए, मागे पडलेला. आम्ही अर्ध्या मिलिमीटरवर आलो तेव्हा शेपूट गेलं. गळ्यापाशी दोन सेकंद थांबवून मग ओढलं तर आणखी चांगलं. कप्प्यात पोचल्यावर कण गोळा करूनच ठेवले, तर आतल्या कणांपर्यंत धुण्याचं द्रव पोचत नाही. विसरणाचा हिशोब वर दिलाच आहे. म्हणून चिपेच्या वरही एक चुंबक ठेवा. खालचं दूर नेलं की वरचं जवळ आणा, कण वर-खाली पावसासारखे झडतात. पाच-सहा वेळा तसं करा.

यात एक खोच आहे, आणि ती उसाचीच आहे. उसाच्या रसात बहुशर्करा भरपूर, त्या कणांना चिकटतात आणि गोळ्याचा लगदा होतो. शिवाय डीएनए धरण्यासाठी लागणारं द्रव अल्कोहोल आणि डिटर्जंटने भरलेलं असतं, आणि त्या दोन्हींमुळे तेलाचा पडदा कमजोर होतो. आमच्या पहिल्या प्रयत्नात पहिल्या कप्प्यातलं द्रव पाच मिनिटांत गळ्यातून रांगत दुसऱ्यात गेलं. बरंच डोकं फोडल्यावर साधा मार्ग धरला: पेशी फोडणं आणि कणांना डीएनए धरायला लावणं हे ट्यूबमध्येच करायचं, पीव्हीपी (वनस्पतीतली अडथळा आणणारी द्रव्यं धरणारं पॉलिमर) घालून, गाळून. मग ट्यूबच्या बाहेरून चुंबक लावून वरचं द्रव काढून टाकायचं आणि कण पहिल्या, सौम्य धुण्याच्या द्रवात घेऊन चिपेत घालायचे. म्हणजे चिपेकडे धुणं आणि उतरवणं, एवढंच काम. एवढंच म्हणते खरं, पण पिपेटच्या सगळ्यात जास्त हालचाली आणि सगळ्यात जास्त चुका त्याच दोन टप्प्यांत होतात. तुमच्या दोन मुलींचा दुपारचा वेळ तिथे वाचेल.

चिप आठ रांगांची करा आणि रांगांमधलं अंतर बरोबर ९ मिलिमीटर ठेवा. ९६ खणांच्या प्लेटचं आणि आठतोंडी पिपेटचं अंतर तेच असतं. मी माझ्या पहिल्या चिपेत जागा वाचवायला ७ मिलिमीटर ठेवलं होतं, आणि मग आठही रांगा एकेक करून भराव्या लागायच्या. सगळी बचत तिथे गेली.

कशाची करायची? पहिल्या वीसेक चिपा अॅक्रिलिकच्या, तीन मिलिमीटर शीट, लेझरने कापून. नेमप्लेट आणि सन्मानचिन्हं करणाऱ्यांकडे सीओटू लेझर असतं, ते पुरतं. खाली पातळ फिल्म, दुहेरी चिकटपट्टीने. दोन गोष्टी मात्र काळजीने. लेझर कापताना किरणाच्या जाडीइतकं, म्हणजे ०.१ ते ०.२ मिलिमीटर, साहित्य जळतं. अरुंद गळ्याचं माप त्यानुसार कमी द्या. दुसरी जास्त महत्त्वाची: कापलेल्या अॅक्रिलिकला लगेच अल्कोहोलने पुसू नका. लेझरच्या उष्णतेने कडेला ताण राहतो, आणि अल्कोहोल लागताच तिथे तडे जातात. मी पहिली चिप अभिमानाने इथेनॉलने पुसली, आणि माझ्यादेखत गळ्यांच्या कडेपासून पांढरे बारीक तडे कोळ्याच्या जाळ्यासारखे आत पसरले. कापल्यावर शीट ८० अंशाला दोन-तीन तास ठेवा आणि ओव्हन बंद करून दार न उघडता थंड होऊ द्या. पावसाळ्यात हे तापवणं दुहेरी कामाचं आहे, कारण अॅक्रिलिक ओलावा धरतं आणि दमट शीटवर चिकटपट्टी धड बसत नाही. रचना पक्की झाली आणि महिन्याला शेकड्यांनी चिपा लागू लागल्या, की पॉलिप्रोपिलीनच्या मोल्डिंगकडे जा. डाय इथेच होईल. त्याआधी डायवर पैसे घालू नका. रचना पाच-सात वेळा बदलतेच.

उतरवण्याच्या कप्प्याला ६५ अंश लागतात. इथे तापमानाचा आकडा हीटरवर मोजू नका, द्रवात मोजा. अॅक्रिलिक उष्णतेचं वाहन इतकं कमी करतं की तांबं त्याच्या दोनेक हजार पट चांगलं. आमच्या हीटरखालचा थर्मिस्टर ६५ दाखवत होता, तेव्हा आतला द्रव ५९ वर होता. एक रांग रिकामी ठेवून तिच्यात पाणी आणि केसासारखं बारीक थर्मोकपल घाला, आणि त्यावरून हीटरचं माप ठरवा.

प्रवर्धन चिपवर नेण्याचा मोह सध्या टाळा. तुमच्याकडे रिअल-टाइम यंत्र असेल किंवा भाड्याने मिळेल, तर उतरवलेला डीएनए त्यात घाला. लहान आकारमानाचं कौतुक फार ऐकू येतं, पण नमुना लहान करण्यात धोका आहे. तुमच्या मिश्रणात मायक्रोलिटरला सरासरी एक प्रत असेल आणि तुम्ही नेमका एकच मायक्रोलिटर घेतलात, तर १०० पैकी ३७ वेळा त्यात एकही प्रत येणार नाही. यंत्र कितीही चांगलं असो, जे आत आलंच नाही ते दिसणार कसं? सरासरी तीन प्रती येतील एवढा द्रव घेतला तर चुकण्याचं प्रमाण १०० त ५ वर येतं. म्हणून चिपेचा फायदा वेगळ्या जागी घ्या: ५० मायक्रोलिटरऐवजी १० मध्ये डीएनए उतरवा आणि त्यातला निम्मा रिअॅक्शनमध्ये घाला. पुढे कधी कारखान्याच्या गेटवर किंवा रोपवाटिकेत जाऊन तपासायचं ठरलं, तर लॅम्प ही प्रती वाढवायची दुसरी पद्धत चिपला चांगली जुळते. जपानमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेली, एकाच ६०-६५ अंश तापमानाला चालणारी. पण लॅम्पमध्ये प्रवर्धन फार जोरात होतं, आणि तिथली एक उघडी ट्यूब पीसीआरपेक्षा जास्त घाण करते. आजच्या तुमच्या खोलीत ती नको.

आणखी एक स्पष्ट सांगते. तुमचा उद्देश फक्त दिवसाला ४८ चे ९६ करणं असेल, तर चिप नको. चुंबकी दांड्यांचं, ९६ खणांचं डीएनए काढायचं यंत्र घ्या. कोविडच्या काळात घेतलेली अशी यंत्रं नंतर कापडाखाली झाकून ठेवलेली मी पाहिली आहेत. वापरलेलं चांगल्या अवस्थेतलं मिळू शकतं. चिप तेव्हा, जेव्हा बंद व्यवस्था हवी, द्रव महाग आहे, किंवा प्रयोगशाळेबाहेर जायचंय. तुमच्याकडे पहिलं कारण नक्की आहे, तिसरं पुढे येईल असं वाटतं.

चिप चालते हे कसं ठरवायचं, ते शेवटी. तीन फेऱ्या करा. पहिलीत ४० नमुने हाताने आणि तेच ४० चिपेवर, एकाच दिवशी, एकाच मास्टर मिक्सने. सीटी म्हणजे रिअल-टाइम यंत्रात कितव्या चक्राला संकेत दिसला तो आकडा. तो एकाने वाढला म्हणजे निम्मा डीएनए कुठेतरी राहिला. सरासरी फरक एकाच्या आत येईपर्यंत पुढे जाऊ नका. दुसरीत प्रत्येक नमुन्यात उसाचा स्वतःचा एखादा जनुकही तपासा. तो आला नाही तर ‘निगेटिव्ह’ लिहायचं नाही, ‘तपासणी झाली नाही’ असं लिहायचं. शेतकऱ्याला जाणाऱ्या रोपाच्या बाबतीत या दोन शब्दांत एका हंगामाचा फरक आहे.

तिसरी फेरी बुद्धिबळाच्या पटाची. आठ रांगांत एक आड एक भरा: रोगट पान, निव्वळ पाणी, रोगट पान, निव्वळ पाणी. पुढच्या चिपेत उलट क्रम. अशा दहा चिपा, म्हणजे ४० पाण्याच्या रांगा. शेजारच्या रांगेतून काही गळत असेल, तेल उडत असेल, द्रव घालताना पिपेट हलत असेल, तर ते या ४० रांगांतच दिसेल, दुसरीकडे कुठेही नाही. त्यातली एक जरी वर आली तरी कुठल्या चिपेची, कितवी रांग, आणि त्या दिवशी ती कोणी भरली हे वहीत लिहून ठेवा. आकडे पाठवाल तेव्हा त्या ४० रांगांचे आधी पाठवा.